जुन्या पिकअपचं इग्निशन टायमिंग लावताना: डिस्ट्रिब्युटर फिरवण्याआधी काय, नंतर काय

गाडी चढाला ओढत नाही म्हटलं, की बहुतेक जण पहिला हात डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना आळीपाळीने स्पार्क वाटणारा भाग; तो फिरवला की स्पार्कची वेळ, म्हणजे टायमिंग, बदलते) बोल्टला घालतात. बोल्ट सैल, थोडं इकडे, थोडं तिकडे, आवाज बरा लागला की बोल्ट घट्ट. आठवड्याभरात पुन्हा तीच तक्रार. कारण त्याआधीची कामं राहून गेलेली असतात. पॉइंटची (डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडझाप करणाऱ्या संपर्काची) गॅप चुकलेली, व्हॅक्यूमची नळी लागलेलीच, आयडल (पाय न देता इंजिन फिरण्याचा वेग) चढलेलं किंवा पुलीवरची खूणच सरकलेली. यातलं एक जरी असलं, तरी टायमिंग लाइट (स्पार्कच्या क्षणी चमकून पुलीवरची खूण दाखवणारी बत्ती) तुम्हाला बिनदिक्कत खोटं सांगते आणि आपण त्या खोट्यावर बोल्ट आवळतो.

पुढचं सगळं कार्ब्युरेटर आणि पॉइंटवाल्या डिस्ट्रिब्युटरच्या पेट्रोल इंजिनासाठी आहे. कारखान्यातूनच इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलेलं असेल तर पॉइंटचं आणि टेस्ट लॅम्पचं काम वगळा आणि शेवटचा भाग आधी वाचा. डिझेल पिकअपला यातलं काही लागू नाही.

## तयारी: आधी आकडे, मग पाना

पाच गोष्टी कागदावर लिहून घ्या आणि कागद बोनेटखाली नजरेसमोर चिकटवा:

- बेस टायमिंग (आयडलला स्पार्क कुठे पडायला हवा ते) किती अंश, आणि ते टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या) आधी की नंतर
- ते किती आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) बघायचं
- व्हॅक्यूमची नळी काढून की लावून
- पॉइंटची गॅप आणि ड्वेल (पॉइंट बंद राहतात तो कोन, अंशांत)
- फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम), आणि एक नंबरचा सिलिंडर कुठला

हे आकडे बोनेटखालच्या स्टिकरवर किंवा वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतात. एकाच इंजिनाला मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी वेगळे आकडे असू शकतात. त्यामुळे 'दुसऱ्याच्या गाडीला आठवर लावलं होतं' हा काही आकडा नव्हे.

फायरिंग ऑर्डर पाठ आहे असं समजू नका. चार सिलिंडरला १-३-४-२ असते, तशी १-२-४-३ पण असते. सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरला बहुधा १-५-३-६-२-४. शेव्हर्लेच्या जुन्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ ला १-८-४-३-६-५-७-२. सरळ रांगेच्या इंजिनात एक नंबर सहसा पुढे, पंख्याच्या बाजूला असतो. व्ही-८ मध्ये मात्र घोळ होतो. ड्रायव्हरच्या सीटवर पुढे तोंड करून बसलात असं धरलं, तर शेव्हर्लेच्या स्मॉल ब्लॉकचा एक नंबर डावीकडे पुढे असतो आणि फोर्डच्या स्मॉल ब्लॉकचा उजवीकडे पुढे.

हत्यारं फार नाहीत. टायमिंग लाइट, ड्वेल दाखवणारा टॅकोमीटर, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प, क्रँक पुलीच्या बोल्टला बसणारं सॉकेट आणि लांब दांडा, डिस्ट्रिब्युटरच्या क्लॅम्पला पोचेल असा पाना, तारेचा ब्रश, थोडा पांढरा रंग. व्हॅक्यूमची नळी बंद करायला तिच्यात घट्ट बसेल असा एखादा बोल्ट.

सावधान: टायमिंग लाइटच्या उजेडात फिरता पंखा थांबल्यासारखा दिसू शकतो. बोटं याच क्षणी जातात. बाह्या वर, अंगठी आणि घड्याळ खिशात, लाइटच्या वायरी पंखा, पट्टा आणि एक्झॉस्टपासून लांब. गाडी न्यूट्रल किंवा पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले. आणि काम उघड्यावर. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका.

## १. खूण साफ करा, आणि ती खरी आहे का ते बघा

क्रँक पुलीवर खाच किंवा रेघ असते आणि तिच्यासमोर इंजिनाला लावलेल्या पट्टीवर अंशांचे आकडे. काही इंजिनांत उलट असतं, आकडे पुलीवर आणि काटा ब्लॉकवर. ग्रीस आणि चिखलाचा थर तारेच्या ब्रशने काढा. पुलीची खाच आणि हव्या त्या अंशाची रेघ, फक्त या दोनच पांढऱ्या करा. पट्टीवरची सगळीच रंगवलीत, तर लाइट मारल्यावर कुठली कुठली ते कळणार नाही.

आता, बहुतेक लोक जे करत नाहीत ते. बऱ्याच जुन्या इंजिनांच्या पुलीत आतला भाग आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये रबर असतं. रबर म्हातारं झालं की कडं जागच्या जागी सरकतं, आणि खूण कड्यावर असते. मी एकदा लाइटने नीट आठ अंशावर टायमिंग लावलं. इंजिन गरम झालं की स्टार्टर अडखळायचा आणि प्रत्येक चढाला खडखड यायची. मी दोन दिवस कार्ब्युरेटर उघडत बसलो. शेवटी खूण तपासली तेव्हा ती बारा अंश सरकलेली निघाली, म्हणजे इंजिन प्रत्यक्षात विसावर चाललं होतं. लाइट बिचारी खुणेवरच बोट ठेवत होती.

खरं टीडीसी असं शोधा:

1. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. सगळे प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरेल.
2. एका जुन्या प्लगचं चिनी मातीचं काढून टाका आणि त्याच्या खोळीत गोल टोकाचा बोल्ट बसवा. हा झाला पिस्टन स्टॉप. तयारही मिळतो.
3. एक नंबरचा पिस्टन थोडा खाली असताना स्टॉप त्या प्लगच्या भोकात बसवा.
4. पुलीच्या बोल्टवरून इंजिन हळू एका दिशेला फिरवा. पिस्टन टेकून थांबला की पट्टीवरच्या शून्यासमोर पुलीवर खूण करा.
5. उलट दिशेला फिरवा, टेकला की दुसरी खूण.
6. दोन खुणांमधल्या लहान कंसाचा मध्य म्हणजे खरं टीडीसी.

सावधान: स्टॉप आत असताना स्टार्टरला हात लावू नका, पिस्टनला भोक पडेल. आणि काम झाल्यावर स्टॉप आधी काढा.

मध्य आणि पुलीची मूळ खाच जुळली तर पुढे चला. एखाद्या अंशाचा फरक असेल तर मध्यावर नवी रेघ ओढून काम भागतं. जास्त असेल, किंवा रबर भेगाळून बाहेर डोकावत असेल, तर पुली बदला. सुटलेलं कडं पंख्यातून रेडिएटरवर जातं.

पुलीवर अंश नसतील तर मोजून काढता येतात. पुलीचा व्यास १६० मिमी असेल तर परिघ साधारण ५०३ मिमी, म्हणजे एका अंशाला १.४ मिमी. दहा अंश म्हणजे १४ मिमी. ही रेघ टीडीसीच्या रेघेपासून पुली ज्या दिशेला फिरते त्या दिशेने पुढे ओढायची, कारण ती काट्यासमोर आधी यायला हवी. इथे दिशा चुकली तर टायमिंग वीस अंशांनी चुकतं.

## २. पॉइंट आधी, टायमिंग नंतर

क्रम उलटा केला तर काम दोनदा करावं लागतं. पॉइंट उघडतो त्या क्षणी स्पार्क पडतो. गॅप वाढवली की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग पुढे जातं. गॅप कमी केली की मागे येतं. ड्वेल एक अंशाने बदललं की टायमिंगही क्रँकच्या साधारण एका अंशाने हलतं. त्यामुळे टायमिंग लावून झाल्यावर 'जरा पॉइंट बघून घेतो' म्हणणाऱ्याने टायमिंग मोडलंच समजा. उलट, पॉइंट बदलून टायमिंग न बघणं हीही तितकीच चूक.

पॉइंटचा रबिंग ब्लॉक (कॅमवर घासणारा तुकडा) डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवरच्या कॅमच्या बरोबर उंचवट्यावर आणा आणि फीलर गेजने गॅप बघा. बऱ्याच इंजिनांत ती ०.४ ते ०.५ मिमीच्या आसपास असते. तुमच्या कागदावरचा आकडा अंतिम. गेज जाता-येता हलकं घासायला हवं, अडकायला नको. जुन्या पॉइंटला एका बाजूला फोड आणि दुसऱ्या बाजूला खड्डा पडलेला असतो. गेज फोडीवर टेकतं आणि गॅप आहे त्यापेक्षा कमी दाखवतं. असे पॉइंट घासून वापरण्यापेक्षा बदलावेत असं माझं मत, कंडेन्सरसकट.

शेवटी ड्वेल मीटरने खात्री करा. व्ही-८ ला ड्वेल साधारण ३० अंश आणि चार सिलिंडरला ५० च्या आसपास असतं. कॅमला ग्रीसचं अगदी बोट लावा, जास्त नको. उडालेलं ग्रीस पॉइंटवर गेलं की स्पार्क गेला. गेजचं तेल पॉइंटवर राहतं, म्हणून कोरा जाड कागद पॉइंटमधून ओढून घ्या.

तपासा: रोटर (कॅपखाली शाफ्टच्या टोकावर फिरणारा भाग) धरून आडवा हलवा. शाफ्ट खुळखुळत असेल तर बुश गेलेलं आहे, आणि मग ड्वेल आणि टायमिंग दोन्ही एका जागी थांबणार नाहीत. कॅपमध्ये आतून केसासारखी काळी रेघ दिसली तर तिथून करंट गळतोय, कॅप बदला.

## ३. एक नंबरचं टीडीसी, पण कॉम्प्रेशनचं

गाडी चालू होत असेल आणि डिस्ट्रिब्युटर बाहेर काढलेला नसेल, तर हा आणि पुढचा टप्पा सोडून पाचवर जा.

एक नंबरचा प्लग काढा, भोकावर अंगठा दाबा आणि पुलीवरून इंजिन नेहमीच्या दिशेने फिरवा. हवा अंगठा बाहेर ढकलायला लागली की तो कॉम्प्रेशन स्ट्रोक. आता खूण तुमच्या बेस टायमिंगच्या अंशासमोर आणा. खूण ओलांडली गेली तर नुसती मागे आणू नका. चांगली पाव फेरी मागे जा आणि परत पुढे येत थांबा, नाहीतर टायमिंग चेनची ढील मापात घुसते.

क्रँकच्या दोन फेऱ्यांत डिस्ट्रिब्युटरची एक फेरी होते, म्हणून खूण शून्यासमोर दोनदा येते आणि त्यातली एकच कामाची. अंगठ्याशिवाय फक्त खूण बघून डिस्ट्रिब्युटर बसवला, तर निम्म्या वेळा तो बरोब्बर उलटा बसतो. मग इंजिन चालू होत नाही आणि कार्ब्युरेटरमधून फटाका वाजतो. त्या वेळी तोंड कार्ब्युरेटरवर असू नये.

तपासा: रोटरचं टोक कॅपमधल्या एक नंबरच्या वायरीच्या कप्प्याकडे आहे ना? कॅपवर आणि डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर पेनने रेघ मारून बघा. तिथून रोटर फिरतो त्या दिशेने वायरी फायरिंग ऑर्डरप्रमाणे लावा.

## ४. इंजिन बंद ठेवून टेस्ट लॅम्पने लावा

एवढं अचूक झालं की गाडी पहिल्या झटक्यात चालू होते.

1. बॅटरीची वायर परत जोडलेली आहे ना ते बघा. टेस्ट लॅम्पचं एक टोक कॉइलच्या (स्पार्कसाठी जोरदार वीज तयार करणाऱ्या भागाच्या) डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टर्मिनलला, दुसरं इंजिनाच्या कोऱ्या धातूला.
2. क्लॅम्पचा बोल्ट सैल करा. किल्ली ऑन करा, स्टार्ट नको.
3. डिस्ट्रिब्युटर रोटरच्या फिरण्याच्या दिशेने थोडा फिरवा, लॅम्प विझेल. पॉइंट बंद झाले.
4. आता उलट दिशेने अगदी सावकाश. लॅम्प पेटला त्या क्षणी थांबा. पॉइंट तिथे उघडतोय.
5. बोल्ट आवळा, किल्ली बंद.

किल्ली ऑन ठेवून चहाला जाऊ नका. पॉइंट बंद असतील तर कॉइल तापत राहते.

## ५. इंजिन गरम, आयडल जागेवर, व्हॅक्यूम बंद

इंजिन चालू करून रेडिएटरची वरची नळी गरम लागेपर्यंत आणि चोक पूर्ण उघडेपर्यंत चालवा. हेडलाइट, एसी बंद.

कागदावर तसं लिहिलेलं असेल, तर डिस्ट्रिब्युटरच्या डब्यावरची व्हॅक्यूमची नळी काढा आणि नळीचं तोंड बोल्टने बंद करा. बहुतेक इंजिनांत असंच करायचं असतं. नळी इनटेक मॅनिफोल्डवरून आलेली असेल तर आयडललाही व्हॅक्यूम स्पार्क लवकर पाडतो, म्हणजे दहा-पंधरा अंश अ‍ॅडव्हान्स देऊन ठेवतो. ती लागलेली असताना बेस लावलात, तर खरा बेस तेवढाच मागे राहतो आणि गाडी मढ्यासारखी चालते. नळी काढून उघडीच ठेवली तर ती हवा ओढते, आयडल बिघडतं आणि पुढचं सगळं माप वाया जातं.

मग स्क्रूने आयडल सांगितलेल्या आरपीएमला आणा. ते चढलेलं असेल तर डिस्ट्रिब्युटरमधली, वेगाबरोबर बाहेर फेकली जाणारी वजनं उघडायला लागतात आणि त्यांचा अ‍ॅडव्हान्स तुम्ही बेसमध्ये मोजता.

तपासा: आयडल शंभर आरपीएमने कमी करून लाइट मारा. खूण हलली तर वजनं अजून उघडी आहेत. आयडल आणखी खाली घ्या, किंवा आत स्प्रिंग ढिल्या झाल्यात का बघा.

## ६. लाइट मारा

इंजिन बंद करून लाइट जोडा. लाल पॉझिटिव्हला, काळी निगेटिव्हला, क्लिप एक नंबरच्या प्लगच्या वायरीवर. क्लिपवर बाण असेल तर तो प्लगकडे. लाइटला अंशांची चकती असेल तर ती शून्यावर.

इथे एक फसवी गोष्ट आहे. एक नंबरसोबत वर-खाली होणारा जोडीदार सिलिंडर बरोबर एक फेरी नंतर पेटतो. चार सिलिंडरमध्ये तो चौथा. क्लिप चुकून त्याच्या वायरीवर लावली तरी खूण शहाण्यासारखी जागेवरच दिसते. त्यामुळे खूण जुळली म्हणून वायरी बरोबर आहेत, असा निष्कर्ष काढू नका.

क्लॅम्पचा बोल्ट इतकाच सैल करा की डिस्ट्रिब्युटर जोर लावल्यावरच फिरेल. अंगाने धरा, वायरींना आणि कॅपला हात नको. झटका जोरदार बसतो. मग:

- रोटरच्या उलट दिशेने फिरवलं की टायमिंग अ‍ॅडव्हान्स
- रोटरच्याच दिशेने फिरवलं की रिटार्ड, म्हणजे स्पार्क उशिरा

किती फिरवायचं याचा अंदाज लोकांना नसतो. डिस्ट्रिब्युटरचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन. अंगाचा व्यास ८० मिमी असेल तर कडेला दोन मिलिमीटर हललं की क्रँकचे जवळजवळ सहा अंश गेले. म्हणून फिरवायचं नाही, तळहाताने नुसतं रेटायचं. खुणेकडे बाजूने वाकून पाहिलंत तर दोन अंशांची चूक सहज होते. डोळा, खूण आणि पट्टी एका रेषेत ठेवा.

खूण जुळली की बोल्ट आवळा आणि लगेच पुन्हा लाइट मारा. आवळताना डिस्ट्रिब्युटर थोडा फिरतोच. टायमिंग बदललं की आयडलही बदलतं, म्हणून आयडल पुन्हा जागेवर, आणि तिसऱ्यांदा लाइट. दोन्ही आकडे एकाच वेळी बरोबर दिसले की हा टप्पा संपला.

खूण एका जागी न थांबता दोन-तीन अंश नाचत असेल तर शाफ्टचं बुश, ढिली टायमिंग चेन किंवा घाण पॉइंट. नाचणाऱ्या खुणेची सरासरी काढून बोल्ट आवळू नका.

## ७. अ‍ॅडव्हान्स जिवंत आहे का

नळी अजून बंदच ठेवा. लाइट खुणेवर धरून कुणाला तरी अ‍ॅक्सिलरेटर सावकाश वाढवायला सांगा. खूण अ‍ॅडव्हान्सच्या बाजूला एकसारखी सरकत गेली पाहिजे आणि पाय काढला की मूळ जागी आली पाहिजे. धक्क्याने उडत असेल किंवा परत येताना अडत असेल तर वजनं चिकटलीत किंवा स्प्रिंग गेलीय. हे डिस्ट्रिब्युटर उघडून साफ करायचं काम आहे, बेस हलवून ते झाकता येत नाही.

व्हॅक्यूमचा डबा बघायला हातपंप उत्तम. व्हॅक्यूम दिला की आतली प्लेट हलली पाहिजे आणि धरून राहिली पाहिजे. सुटली तर पडदा फाटलाय. अशी गाडी आयडलला ठीक वाटते, पण सपाट रस्त्यावर पेट्रोल पिते.

इंजिन बंद करून नळी परत लावा. ही विसरणारे मी पाहिलेत, त्यांत मीही आहे.

## ८. रस्त्यावर

इंजिन गरम, गाडीत नेहमीचं ओझं, वरचा गिअर, मध्यम वेगावरून अ‍ॅक्सिलरेटर दाबा. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला तर टायमिंग दोन अंश मागे घ्या आणि पुन्हा बघा. गरम इंजिन चालू करताना स्टार्टर अडखळत असेल तरी अ‍ॅडव्हान्सच जास्त आहे. उलट इंजिन तापतंय, ओढ नाही, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लालसर दिसतोय, तर टायमिंग फार मागे आहे.

कागदावरच्या आकड्यापासून दोन अंश इकडे-तिकडे ठीक. त्याच्या पलीकडे जावं लागत असेल तर दुखणं दुसरीकडे आहे: कार्बन, कमी दर्जाचं पेट्रोल, हवा ओढणारं गॅस्केट, किंवा पहिल्या टप्प्यातली न तपासलेली खूण.

## इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर

पॉइंट नसले आणि वजनं-व्हॅक्यूम जुनेच असले, तर पहिला, तिसरा आणि पाचव्यापासून पुढचं सगळं तसंच. कॉम्प्युटर टायमिंग सांभाळत असेल तर मात्र आधी त्याला बाजूला करावं लागतं, नाहीतर तुम्ही फिरवाल आणि तो मागून सारवत येईल. टोयोटाच्या २२आर-ई इंजिनाला बोनेटखालच्या तपासणी कनेक्टरचे टीई१ आणि ई१ हे टर्मिनल वायरीने जोडून टीडीसीआधी ५ अंश लावतात. त्याआधीच्या काही गाड्यांत टर्मिनलचं नाव नुसतं टी असतं. फोर्डच्या टीएफआय इग्निशनमध्ये डिस्ट्रिब्युटरच्या वायरिंगमधला स्पाउट नावाचा छोटा प्लग काढून बेस बघतात.

काम झालं की ती वायर काढा, तो प्लग परत लावा आणि लाइट पुन्हा मारा. आता खूण बेसच्या पुढे सरकलेली दिसली, तर कॉम्प्युटर कामाला लागला. बेसवरच थांबली असेल, तर बोनेट लावू नका, वायर अजून तिथेच आहे.